नोकरी सांभाळून एम.ए. शिक्षणशास्त्र: लघुप्रबंधाची तयारी वर्गातच

इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणाऱ्या प्राथमिक शिक्षकांची खरी दमछाक होते लघुप्रबंधाच्या वेळी. माहिती गोळा करायला सवडच उरत नाही.

प्रवेश मिळताच एक वही सुरू करा. दर महिन्याला प्रत्येक मुलाला न शिकवलेला, पण दरवेळी त्याच पातळीचा उतारा एक मिनिट वाचायला द्या. बरोबर वाचलेले शब्द मोजा, तारीख टाका. अडलेले शब्द मात्र जसेच्या तसे लिहा. ‘पर्वत’, ‘प्रश्न’, ‘राष्ट्र’ यांपैकी नेमका कुठला ‘र’ अडतो हे दिसू लागलं की विषय हाती लागलाच. परिपाठानंतर रोज तीन-चार मुलं पुरेत. वहीत नावांऐवजी क्रमांक टाका.

प्रवेशाआधी खात्याची लेखी परवानगी घ्याच. सेवापुस्तकात पदवीची नोंद करताना ती लागते.