जिमखान्याचा चार्ज घेतलात, आता पुढे

तालुक्याच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झालात की पहिल्या दिवशी दोन गोष्टी हातात पडतात: स्टोअररूमची किल्ली आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ साहित्याची नोंदवही. मला मिळालेल्या रजिस्टरात १४ भाले होते. खोलीत ३ निघाले, आणि त्यातल्या एकावर शिपाईमामा ओली फडकी वाळत घालत. तरी मी 'साहित्य बरोबर मिळाले' याच्याखाली सही केली. आधीचे सर वयाने मोठे, समोर चहा आलेला, मोजत बसणं बरं दिसेना. ते ११ भाले पुढची सहा वर्षं दर ऑडिटला माझ्या मागे लागले. तेव्हा चहा घ्या, सही दुसऱ्या दिवशी करा. सगळं मोजा, तुटकंफुटकं वेगळं काढा आणि निर्लेखनाचा, म्हणजे ते रजिस्टरातून कमी करण्याचा, प्रस्ताव त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा.

माझं कॉलेज माणदेशात, शिवाजी विद्यापीठाच्या सातारा विभागात. हजार-अकराशे विद्यार्थी, त्यात निम्म्याहून जास्त मुली. क्रीडा विभाग म्हणजे मी. मैदान आखणारा मी, फॉर्म भरणारा मी, पाण्याचा कॅन उचलणाराही मीच. अशा ठिकाणी सातारा-कोल्हापूरच्या मोठ्या कॉलेजांसारखं जनरल चॅम्पियनशिपकडे (सगळ्या खेळांच्या एकूण गुणांवर मिळते ती) बघत बसलात तर पाच वर्षांत कंबर मोडेल.

पहिल्या वर्षी मी ११ खेळांत संघ पाठवले. बॉल बॅडमिंटनचा संघ तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी कँटीनमधून गोळा केला होता. बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत घरी. वार्षिक अहवालात मात्र 'अकरा खेळांत सहभाग' असं ठळक छापून आलं आणि संस्थेचे लोक खूश झाले. पुढच्या जूनला मैदानावर किती पोरं परत आली? चार. त्या चौघांकडे बघून मी ठरवलं, आता तीनच खेळ: मुलींचा खो-खो, लांब पल्ल्याचं धावणं आणि कुस्ती.

हे तीनच का, तर आमच्या भागात ते आधीच आहेत. खो-खो जिल्हा परिषदेच्या शाळांत खेळतात, त्याला दोन खांब आणि २७ बाय १६ मीटर जागा पुरते. धावायला रस्ता आहे, आणि इथल्या पोरांना उन्हाची सवय. मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. ते गाव आमच्याच तालुक्यात आहे, त्यामुळे 'धावून काय होतंय' हा प्रश्न इथे फार वेळ टिकत नाही. कुस्तीत तर मी शिकवायच्या भानगडीत पडतच नाही. तालमीत वस्ताद आहेत, ते त्यांचं काम जाणतात. मी पोराचा फॉर्म भरतो आणि वजनाला वेळेत हजर करतो, एवढंच. तुमच्या तालुक्यात कदाचित कबड्डी असेल, नाहीतर व्हॉलीबॉल. आसपासच्या दहा शाळांच्या मैदानांवर एकदा संध्याकाळी फिरून या. जे खेळताना दिसेल ते धरा.

पोरं शोधायची जागा मैदान नाही, प्रवेशाची खिडकी आहे. जूनमध्ये मी खुर्ची घेऊन क्लार्कच्या शेजारी बसतो. फॉर्म देणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रश्न: "शाळेत काय खेळायचीस?" उत्तर बहुतेक वेळा "काही नाही सर" असंच येतं. मग मी विचारतो, "आणि मधल्या सुट्टीत?" तिथे खो-खो निघतो. नाव, गाव आणि एसटी कितीची, हे तिथल्या तिथे वहीत. दुसरी खाण म्हणजे पोलीस भरतीची मुलं. पहाटे पाचला तुमच्या मैदानावर जी मुलं कुणी न सांगता पळत असतात, ती हीच. भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, त्यामुळे अर्धी तयारी झालेलीच असते. फक्त त्यांना 'स्पोर्ट्स' म्हटलं की वेळ वाया जाईल असं वाटतं. त्यांना समजावून सांगा की विद्यापीठाच्या क्रॉसकंट्रीसाठी केलेला सराव १६०० ला आपोआप कामी येतो, आणि खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. कुठल्या स्पर्धेचं कुठलं प्रमाणपत्र त्याला चालतं, हे मात्र शासन निर्णय वाचूनच सांगा, ऐकीव नको. एका पोराला मी ऐकीव सांगितलं होतं. त्याचे वडील अजून मला बाजारात टाळतात.

सरावाची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवा. सकाळी सहाचा सराव शहरात शोभतो. आमच्या मुलींची पहिली गाडी ७:१० ला सुटते आणि परतीची शेवटची सव्वापाचला. म्हणून खो-खो साडेतीन ते पावणेपाच, त्यात एक मिनिटही इकडेतिकडे नाही. एकदा पोल मारायचा (खांब धरून झेप घेत गडी बाद करायचा) सराव रंगला आणि गाडी चुकली. सात मुलींना तीन मोटारसायकलींवरून घरी पोचवता पोचवता रात्र झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघी आल्याच नाहीत. घरून बंद.

मुलींच्या घरी जाणं हा या कामाचा निम्मा भाग आहे, तो शारीरिक शिक्षणाच्या कुठल्याही एम.पी.एड.ला शिकवत नाहीत. एका वस्तीवर गेलो होतो. वडील काही बोलेनात, आजीच म्हणाली, "पळू द्या की, पण रातची पोर कुठं निजनार त्ये सांगा." मी म्हणालो, "आजी, मराठीच्या मॅडम संगं असत्यात, मुलींच्या होस्टेलात सोय हाय." आजीने मॅडमचा नंबर कागदावर लिहून मागितला आणि तो देव्हाऱ्यात ठेवला. तेव्हापासून बाहेरगावच्या प्रत्येक स्पर्धेला महिला प्राध्यापक सोबत असल्याशिवाय मी संघ हलवत नाही, आणि नंबरची चिठ्ठी मुली निघायच्या आधी घरी पोचलेली असते. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, ही मागणी मैदानाच्या मागणीआधी करा.

मैदानाचं बोलायचं तर पहिला शत्रू सराटे. खो-खोच्या मुली बऱ्याचदा अनवाणी खेळतात आणि काटा एकदा वाळला की वर्षभर पायात. पहिल्या पावसानंतर वेल हिरवा असतो, फळ धरायच्या आत तो मुळासकट उपटा. एनएसएसची मुलं हाताशी असतात, त्यांच्या सरांशी गोड बोला.

ट्रॅक ४०० मीटरचाच हवा असा हट्ट नको. चार लेनचा २०० मीटरचा ट्रॅक साधारण ८८ बाय ४८ मीटरमध्ये बसतो. दोन्ही सरळ बाजू ४० मीटर घ्या. वळणासाठी खुंटी ठोकून दोरी १८ मीटर ९० सेंटिमीटरची. फक्कीची आतली रेघ त्यावर येते, आणि अंतर मोजायचं त्या रेघेच्या २० सेंटिमीटर बाहेरून, म्हणजे त्रिज्या १९.१० होऊन दोन्ही वळणं मिळून १२० मीटर भरतात. लेन १.२२ मीटरची. पूर्ण एक फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनची सुरुवात ७.६७ मीटर पुढे, तिसरीची १५.३३, चौथीची २३. नवे लोक इथे वळणाची त्रिज्या बदलली की हे आकडेही बदलतात असं समजतात. बदलत नाहीत. फरक फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो, २π (गणितातला पाय, ३.१४) गुणिले १.२२. दोरी मात्र सुती नको, ओली झाली की तिची लांबी बदलते. मी तारच वापरतो.

पैशाचं थोडक्यात. जिमखाना फीमधून जे जमतं त्यात आधी बूट, मग खाणं, मग साहित्य. भिजवलेले हरभरे, गूळ, केळी आणि उकडलेली अंडी, आठवड्यातून सहा दिवस. अंडी न खाणाऱ्यांना शेंगदाणे. कोटेशन तीन, बिल जीएसटीचं, आणि स्पर्धेहून आल्यावर अॅडव्हान्सचा हिशोब आठ दिवसांत. अकाउंटंट खूश असेल तर डिसेंबरमध्ये फोनवर अॅडव्हान्स मिळतो, नसेल तर मार्चमध्येही मिळत नाही.

कागदांच्या बाबतीत मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. आमची सगळ्यात चपळ मुलगी आदल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात होती आणि तिच्या तिथल्या गुणपत्रिकेची प्रत फाइलमध्ये नव्हती. मी गृहीत धरलं होतं की असेल. आयोजकांनी तिला खेळू दिलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. ती दिवसभर बॅगा सांभाळत बसली, आम्ही दोन गुणांनी हरलो आणि परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. आता जुलैच्या १५ तारखेच्या आत प्रत्येकाची प्लॅस्टिकची वेगळी फाइल तयार असते: दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका, आधार, बोनाफाइड, सहा फोटो. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते, ती दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेनेच तपासा. पोराला विचारून नव्हे.

प्राचार्यांशी बोलताना भावनेपेक्षा नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन, बरं. त्याच्या एका निकषात विद्यार्थ्यांची क्रीडा आणि सांस्कृतिक पदकं मोजली जातात, आणि तिथे नुसता सहभाग उपयोगाचा नाही. एवढं दाखवलं की तीन खेळांचा हट्ट त्यांना पटतो. जवळिकीचे असतील तर खाशाबा जाधवांची गोष्ट काढा. कुस्तीसाठी हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि १९५२ ला ब्राँझ आलं. आमचे प्राचार्य ऐकून म्हणाले, "माझं घर बायकोच्या नावावर आहे." पण अंतर्गत परीक्षेची तारीख मात्र त्यांनी बदलून दिली, मला तेवढंच हवं होतं.

मातीवर जिंकणारा संघ मॅटवर घसरतो, हे विभागीय जिंकून आंतरविभागीयला गेल्यावर कळलं. मुली वळताना पडत होत्या. मॅट विकत घेणं आपल्या आवाक्यात नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी मैत्री करा, स्पर्धेआधी चार-पाच रविवार तिथे जाऊन मॅटचे बूट घालून खेळा.

या सगळ्यात मी स्वतः एकच आकडा बघतो: पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षी मैदानावर किती उरले. आमच्याकडे तो चारावरून हळूहळू वीसच्या पुढे गेला, आणि पदकं त्यानंतर आली. पास होऊन गेलेल्या दोन मुली आता सुट्टीत येऊन नव्यांना पोल मारायला शिकवतात. माझ्यापेक्षा बरं शिकवतात, गुडघे शाबूत आहेत ना.

संघ जमला की एखादी विभागीय स्पर्धा मागून घ्या. आपल्या पोरांना प्रवास नाही, गावाला मैदान माहीत होतं आणि मैदान सपाट करायला संस्था तेवढ्यापुरते पैसे देते. जेवणात पिठलं-भाकरी आणि भात ठेवा. पहिल्या वेळी आम्ही हौसेने पनीर केलं आणि दुपारच्या सामन्यांत पोरं जागेवरून हलेनात. आणि पंचांचं मानधन फायनलच्या आधीच पाकिटात घालून तयार ठेवा, कारण शिट्टी झाली की त्यांनाही सव्वापाचची गाडी गाठायची असते.