फोन घरी किती वाजता येतो?

पर्वतीच्या पायथ्याजवळील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी प्राथमिक वर्गांना शिकवते. नव्याने रुजू झालेले शिक्षक पहिल्याच आठवड्यात विचारतात की, पालकांशी संपर्क ठेवण्यासाठी कोणते ॲप चांगले. त्याआधी करायची चौकशी वेगळीच असते, हे मला २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्यानंतर उमगले. सकाळी दहा वाजता मी झूमवर वर्ग सुरू करत असे आणि बेचाळीस मुलांपैकी जेमतेम अकरा-बारा मुले समोर दिसत. बाकीच्यांच्या घरी फोन नव्हता असे नाही. तो कोणाच्या वडिलांबरोबर मार्केट यार्डात, तर कोणाच्या आईच्या पिशवीतून सहकारनगरला कामाच्या घरी गेलेला असे आणि रात्री आठनंतरच परत येत असे. त्यानंतर मी थेट वर्ग रविवारपुरता ठेवला आणि इतर दिवशी संध्याकाळी पाच मिनिटांचा ध्वनिमुद्रित पाठ व वहीत करायचा एकच अभ्यास पाठवू लागले.

म्हणून जूनमध्ये वर्ग हाती आला की, एका स्वतंत्र वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे फोन कोणाचा आहे, तो घरी किती वाजता येतो, घरात वाचता येणारे कोण आहे आणि घरात कोणती भाषा बोलली जाते, एवढे लिहून ठेवावे. पुण्यात कर्नाटकातील कलबुर्गी, यादगीर या भागांतून बांधकामावर आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना मराठी बोललेले समजते, परंतु वाचता येतेच असे नाही. ‘सर्व पालकांनी सभेस उपस्थित राहणे अनिवार्य आहे’ हे वाक्य तर मराठी घरांतही अर्धवटच वाचले जाते. त्याऐवजी ‘शनिवारी सकाळी दहाला शाळेत या, प्रगतिपुस्तक मिळेल, अर्धा तास लागेल’ असे लिहावे आणि तेच वाक्य स्वतःच्या आवाजात पाठवावे. माझा अनुभव असा की, आवाजी निरोपाला उत्तरही आवाजातच येते, आणि ते अनेकदा आजीचे असते.

व्हॉट्सॲपवर गट करावा की ब्रॉडकास्ट यादी, हा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा. गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो आणि अनेक मातांना ते नको असते. ब्रॉडकास्टमध्ये निरोप एकेकाला स्वतंत्र पोहोचतो व उत्तरही फक्त आपल्यालाच येते, परंतु ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. पहिल्या पालकसभेत फळ्यावर क्रमांक लिहून सर्वांना तो समोरच जतन करायला लावणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. गटच करायचा असेल, तर फक्त ॲडमिनला संदेश पाठवता येतील अशी सोय सुरू ठेवावी. अन्यथा सुप्रभातच्या फुलांखाली परीक्षेचे वेळापत्रक गाडले जाते.

गुगल फॉर्मच्या बाबतीत माझी एक चूक सांगण्यासारखी आहे. सहलीच्या संमतीसाठी केलेल्या फॉर्ममध्ये मी ‘एकदाच उत्तर देता येईल’ हा पर्याय निवडला होता. त्या पर्यायामुळे गुगल खात्यात लॉगिन करावे लागते, हे माझ्या लक्षात आले नाही. ज्यांना पासवर्ड आठवत नव्हता ते पालक तेथेच अडले, आणि एकाच फोनवरून दोन भावंडांची संमती देणाऱ्यांना दुसरे उत्तर भरता येईना. आता मी तो पर्याय बंद ठेवते, फाइल जोडायला सांगत नाही आणि चारापेक्षा जास्त प्रश्न विचारत नाही.

दुसरी चूक अधिक बोचणारी होती. घटक चाचणीच्या गुणांच्या तक्त्याचे छायाचित्र मी घाईत पालकांच्या गटावर टाकले. दुसऱ्या दिवशी एक आई फाटकाशी थांबली होती. ‘बाई, त्याला कमी पडले ते मला सांगा ना, सगळ्या वस्तीला कशाला?’ एवढेच ती म्हणाली. गुण, गैरहजेरी, फी, आजारपण यांतील काहीही गटावर जाता कामा नये. मुलांचे छायाचित्र टाकण्यापूर्वीही पालकांना विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, परंतु कायदा नसता तरी विचारणे योग्यच होते.

अध्यापनासाठी नवे साहित्य शोधत बसण्याची फारशी गरज नसते. बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन केला की, त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते. ते आदल्या दिवशी शाळेतच डाउनलोड करून ठेवावे, कारण वर्गात नेमके त्याच वेळी नेटवर्क जाते. घरी मात्र मी दृक्‌श्राव्य फाइल क्वचितच पाठवते. पालकांच्या फोनमध्ये जागा नसते आणि दिवसाचा डेटाही तोवर संपलेला असतो.

पालकांना आपली वेळ पहिल्याच सभेत सांगून टाकावी. मी संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत उत्तरे देते. मूल घरी पोहोचले नसेल, तर केव्हाही फोन करावा, असे सांगून ठेवले आहे. यंदा माझ्या वर्गातील तीन घरांत स्मार्टफोन नाही. त्यांच्यासाठी तोच निरोप मी मधल्या सुट्टीत मुलांच्या वह्यांत लिहिते आणि सकाळी पालकांची सही पाहते. एका वहीत सहीच्या जागी रोज अंगठ्याचा ठसा असतो.