मदतनिधीसाठी हिवाळी केदारकांठा : या चुका टाळा

एखाद्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी निधी उभारण्याच्या हेतूने हौशी गिर्यारोहकांचा गट जानेवारीत उत्तराखंडातील केदारकांठा शिखर गाठायचे ठरवतो, तेव्हा सर्वांत घातक चूक बहुधा घरी बसूनच झालेली असते. ‘शिखर गाठले तर इतके रुपये’ अशी बोली देणगीदारांशी केली, की माथ्याखाली वारा सुटलेला असताना मागे फिरणे म्हणजे संस्थेचे पैसे बुडवणे असे वाटू लागते आणि एरवी शहाणी असणारी माणसेही पुढे जात राहतात. म्हणून देणगी मोहिमेसाठी मागावी, माथ्यासाठी नव्हे. ती निघण्यापूर्वीच जमा करून घ्यावी आणि परत फिरण्याची ठरलेली वेळ आवाहनातच छापावी, म्हणजे त्या वेळेला वळलेल्या गटाला कोणापुढे ओशाळावे लागत नाही.

दुसरी चूक सह्याद्रीच्या जोरावर होते. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. केदारकांठ्याची वाट जेथून सुरू होते ते सांकरी गावच सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि माथा ३,८०० मीटरच्या थोडा वर. दर रविवारी गड चढणाऱ्याचे पाय तयार असतात, पण विरळ हवेची सवय त्याने होत नाही. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. वाटेवरील जुडा का तालाब या तळ्याकाठच्या मुक्कामावरून थेट वरच्या तळावर गेल्यास ही वाढ त्याहून अधिक होते. त्यामुळे कार्यक्रमात एक दिवस राखीव ठेवावा, मग सुट्टी एका दिवसाने वाढवावी लागली तरी हरकत नाही.

डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर येत असेल, तर तो विरळ हवेचाच त्रास समजून वर जाणे थांबवावे. बसल्या जागी धाप लागणे, एका रेषेत पावले टाकता न येणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसताच, रात्र असली तरी त्या व्यक्तीला जाणत्या सोबत्याबरोबर खाली न्यावे. एकटे कधीही पाठवू नये. ‘माझ्यामुळे गटाचे नाव जाईल’ या भीतीने त्रास लपवला जातो, म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकाला वेगळे विचारणे हे गटप्रमुखाचे कामच मानावे. या त्रासावरील गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

साहित्यात फसवतो तो सुती कपडा. घामाने भिजलेला सुती बनियन थांबताक्षणी अंग गार करतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर हवा. संस्थेच्या नावाचा टी-शर्ट छायाचित्रापुरता वरून घालावा. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक, पहाटेच्या अंधारात गोठल्या बोटांनी प्रथमच चढवणारे लोक नेहमी दिसतात. तो सराव सांकरीतच करावा. पाणी वरून गोठू लागते, म्हणून बाटली उलटी ठेवावी. मोबाइल आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत घ्याव्यात. उतरताना उन्हाने बर्फ मऊ होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो, तेव्हा बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायच्या आवरणाची, म्हणजे गेटरची, किंमत कळते.

आता पैशांचे. प्रवासखर्च आणि देणगी एकाच खात्यात मिसळणे ही सर्रास होणारी आणि विश्वास घालवणारी चूक आहे. खर्च ज्याचा त्याने करावा आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी, कारण करसवलतीची पावती संस्थाच देऊ शकते. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर तर ही सवलत मिळतच नाही. अमेरिकेतील चुलतभावाने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी परकीय ठरते आणि ती स्वीकारण्यास संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्टधारकाने बँकेमार्फत पाठवलेल्या स्वतःच्या बचतीला ती अट नाही. हे आवाहनापूर्वीच विचारून घ्यावे, कारण आलेली रक्कम परत पाठवण्याची नामुष्की कोणत्याही संस्थेला नको असते.

सांकरीच्या पुढे मोबाइलचा भरवसा नसतो. देणगीदारांना रोज खबर देण्याचे वचन देऊ नये. घरी थांबलेल्या एका सदस्याकडे हे काम सोपवून, अमुक दिवसांपर्यंत निरोप आला नाही तरी काळजी करू नये आणि त्यानंतर कोणाला फोन करावा, हे दोन्ही त्याच्याकडे लेखी द्यावे.