आधी बॅकअप, मग स्क्रूड्रायव्हर : हळू झालेला कॉम्प्युटर कमी खर्चात कसा सुधारायचा

"फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवाच घ्या." कॉम्प्युटर हँग होतोय म्हणून कुणाला दाखवला की हे उत्तर ठरलेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं वर्कशॉप असो नाहीतर राजारामपुरीतला क्लास, सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेलं मशीन बिलं काढायला, टॅलीला आणि मुलांच्या प्रोजेक्टला अजून पुरेसं असतं. प्रोसेसर थकलेला नसतो. अडतं ते बहुतेक वेळा हार्डडिस्कपाशी, आणि वर्षानुवर्षं साठलेल्या नको त्या सॉफ्टवेअरपाशी. हे दोन्ही घरच्या घरी सुधारता येतं. फक्त क्रम सांभाळा.

दुखणं नेमकं कुठं आहे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. डावीकडं डिस्कच्या नावाखाली एचडीडी (जुनी, फिरणारी हार्डडिस्क) की एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) ते लिहिलेलं असतं. एचडीडी असेल आणि तुम्ही काहीच करत नसताना तिचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर कारण सापडलं. तिथंच 'मेमरी'वर क्लिक केलं की रॅम किती आहे आणि किती स्लॉट भरलेत तेही कळतं. ४ जीबी रॅम आणि एक स्लॉट मोकळा असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी टाकून घ्या. फक्त डीडीआर३ की डीडीआर४ हे आधी बघा, एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. (त्याच्या काही आवृत्त्यांवर जपानी कार्टूनमधली मुलगी असते. चुकीचं काहीतरी डाऊनलोड झालं असं समजू नका. 'स्टँडर्ड' लिहिलेली साधी आवृत्ती घ्या.) ते डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतं : 'गुड' म्हणजे ठीक, 'कॉशन' म्हणजे डिस्कवरचे काही भाग खराब व्हायला लागलेत, 'बॅड' म्हणजे भरवसा संपला. 'कॉशन' दिसलं तर त्याच दिवशी बॅकअप घ्या. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून काही उपयोग होत नाही.

बॅकअप

कोल्हापुरात बॅकअप का घ्यायचा हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. व्हीनस कॉर्नरला पाणी आलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानात सीपीयू टेबलावर उचलून ठेवला काय आणि खाली राहिला काय, सारखंच. कॉम्प्युटर पुन्हा घेता येतो. पाच वर्षांची उधारीची वही आणि घरातले फोटो पुन्हा मिळत नाहीत.

यासाठी फ्रीफाइलसिंक हे फोल्डरची प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरा. उघडल्यावर दोन रकाने दिसतात. डावीकडं तुमचं फोल्डर निवडा, उजवीकडं बाहेरची हार्डडिस्क. आधी 'कंपेअर' दाबा, ते काय काय कॉपी होणार याची यादी दाखवतं. यादी वाचून झाली की मगच 'सिंक्रोनाइज'. मधे एक निवड असते तिच्याकडं लक्ष द्या : 'मिरर' निवडलंत तर कॉम्प्युटरवरून पुसलेली फाइल बॅकअपमधूनही जाते. 'अपडेट' निवडलंत तर नवी आणि बदललेलीच फाइल कॉपी होते, जुनं जागेवर राहतं. घरगुती वापराला आणि दुकानाला मी 'अपडेट'च सुचवतो. पोराच्या हातून फोल्डर उडालं आणि आपण त्यावर मिरर मारलं, की सगळंच संपलं.

टॅलीप्राइमचा बॅकअप मात्र टॅलीतूनच घ्या : ऑल्ट आणि वाय दाबून 'डेटा'चा मेनू उघडतो, त्यात 'बॅकअप' आहे. तयार झालेली फाइल मग वरच्या पद्धतीनं डिस्कवर न्या.

डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. सुतारवाड्यासारख्या पाणी येणाऱ्या भागात दुकान असेल तर उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडं एक प्रत असू द्या. अगदी गरजेची कागदपत्रं गुगल ड्राइव्हवर टाका, तिथं १५ जीबी जागा फुकट मिळते. पाऊस जोर धरायच्या आत, जूनमध्येच हे काम उरकून घ्या. पाणी ३९ फुटांवर गेलं की घरात दुसरीच धावपळ असते.

एसएसडी बसवणं

साध्या साटा एसएसडीचा वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० एमबी असतो, जुन्या हार्डडिस्कचा १०० ते १५० च्या आसपास. पण खरा फरक या आकड्यांत दिसत नाही. विंडोज सुरू होताना हजारो लहानसहान फाइल इकडून तिकडून उचलाव्या लागतात. हार्डडिस्कची सुई त्यासाठी सारखी फिरत राहते, एसएसडीत फिरणारं काही नसतंच. त्यामुळं मशीन सुरू व्हायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. बिलं आणि टॅलीला २४० किंवा २५६ जीबी पुरते. लॅपटॉपचा मॉडेल नंबर सांगून २.५ इंची हवी की एमडॉटटू (लहान पट्टीसारखी), ते दुकानात विचारूनच घ्या.

जुनं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर नेण्यापेक्षा विंडोज नव्यानं टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'मीडिया क्रिएशन टूल' फुकट मिळतं, त्याला ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. विंडोज ओरिजिनल आणि ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर टाकताना 'प्रॉडक्ट की' विचारली तरी ती पायरी सोडून पुढं जा. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, नेट मिळाल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

इथं एक अडचण आहे. विंडोज १० साठीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' हे टूल तुमचं मशीन बसतं की नाही ते सांगतं. बसत नसेल आणि त्यावर टॅली चालवायची नसेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका. पेनड्राइव्हवरून सुरू करून, काहीही इन्स्टॉल न करता आधी वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय ना तेवढं तपासा. नेट बघणं, यूट्यूब, पत्रं, क्लासच्या नोट्स याला मिंट उत्तम. टॅलीवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

काढलेली जुनी हार्डडिस्क भंगारात देऊ नका. 'गुड' दाखवत असेल तर लॅपटॉपच्या डिस्कला यूएसबीचं केसिंग घ्या, झाली बॅकअपची डिस्क तयार. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा अॅडॅप्टर असलेलं केसिंग लागतं.

कुठली सॉफ्टवेअर टाकायची

आधी कुठली टाकायची नाहीत ते. क्रॅक केलेलं ऑफिस आणि त्याचा 'ॲक्टिव्हेटर' नको. जे सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आधी विंडोजचा डिफेंडर बंद करायला सांगतं, त्याचा हेतू काय असेल? डिफेंडर चालू राहिला आणि अपडेट झाला तर घरगुती वापराला वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही. डाऊनलोड करताना गुगलवर सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेली लिंक सोडून द्या. प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची साइट असते, जसं व्हीएलसीचं घर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग.

व्हिडिओला व्हीएलसी, झिप उघडायला सेव्हन-झिप, पीडीएफ वाचायला सुमात्रा पीडीएफ, हरवलेली फाइल शोधायला एव्हरीथिंग, मोबाइलवरचे फोटो केबलशिवाय घरच्या वायफायवरून ओढायला लोकलसेंड. एवढ्यांबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, टाका आणि वापरा.

लिब्रेऑफिसला थोडा वेळ द्यावा लागतो. वर्ड आणि एक्सेलच्या फाइल त्यात उघडतात, पण नवी फाइल सेव्ह करताना ते आपल्या पद्धतीनं करतं आणि समोरच्याला ती फाइल नीट उघडत नाही. म्हणून एकदाच टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथं जाऊन कायम वर्डच्या स्वरूपात सेव्ह करायला सांगा. बाहेर पाठवायचं पत्र मात्र पीडीएफ करूनच पाठवा, म्हणजे मजकूर हलत नाही.

मराठी टायपिंगसाठी आता वेगळं काही विकत घ्यायला नको. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलते, इंग्रजी अक्षरांत शब्द टाइप केला की देवनागरीचे पर्याय खाली येतात. फॉन्टसाठी गुगल फॉन्ट्सवरून मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी उतरवून घ्या. तिरोत ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, निमंत्रणपत्रिकेला ते शोभतं.

फॉर्म भरताना 'फाइल मोठी आहे' म्हणून अडतं, तिथं नॅप्स२ हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर कामाला येतं. स्कॅनर जोडून प्रोफाइलमध्ये १५० डीपीआय आणि 'ग्रेस्केल' ठेवा. सातबारा, दाखला, मार्कशीट एकामागून एक स्कॅन करून एकच पीडीएफ होते. रंगीत ३०० डीपीआयच्या स्कॅनपेक्षा ती कितीतरी लहान असते आणि अक्षरं तरीही वाचता येतात.

किरकोळ वस्तू

मशीन सुरू केलं की तारीख मागं गेलेली दिसते आणि बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते? तो व्हायरस नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा बटणसेल संपलाय. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दोन टीबीचा पेनड्राइव्ह चारशे रुपयांत दिसला तर घेऊ नका. घेऊन बसलाच असाल तर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट टूल चालवा. ते पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतं आणि खरी जागा किती ते दाखवतं. वेळ खातं, रात्री लावून झोपा.

डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस असावा, लाइट गेल्यावर टॅली बंद करून मशीन शटडाऊन करण्यापुरता. त्याच्या बॅटरीच्या सॉकेटला लेझर प्रिंटर लावू नका, प्रिंट काढताना तो एकदम जास्त लोड घेतो. प्रिंटर थेट भिंतीवरच्या प्लगला जोडा.