मायकोनोसला जाताय? बीच, जेवण आणि पार्टी खिसा न फाटता कशी जमवायची

ग्रीसमधलं मायकोनोस बेट महाग आहे हे खरंच आहे, पण ते सगळीकडे आणि दिवसभर सारखंच महाग नाहीये, आणि हे फार कमी लोक सांगतात. पैसे वाहून जातात ते मुख्यतः तीन भोकांतून: बीचवर पहिल्या रांगेतला सनबेड, भाव न विचारता मागवलेली मासळी, आणि रात्री टॅक्सी मिळत नाही म्हणून बोलावलेली प्रायव्हेट गाडी. ही तीन बुजवली की बाकी बेट युरोपातल्या कुठल्याही चांगल्या बीचच्या गावाइतपतच पडतं. माझं मत विचाराल तर एक दिवस ठरवून उधळा, मस्त बीच क्लब करा, मन भरू द्या, आणि बाकीचे दिवस बस, टॅव्हर्ना म्हणजे साधी ग्रीक खानावळ, आणि गावातल्या गल्ल्या.

आधी कधी जायचं ते. जून आणि सप्टेंबर, बास. जूनमधे पाणी जरा गार असतं पण चालतं, सप्टेंबरमधे समुद्र छान कोमट आणि गर्दी ओसरलेली. जुलै-ऑगस्टमधे पार्टी जास्त हे मान्य, पण रूमचे भाव आभाळाला टेकतात आणि वरून मेल्टेमी, म्हणजे तिथला उन्हाळ्यातला जोराचा वारा, सुरू होतो. 15 ऑगस्टच्या आसपास तर शक्यतो जाऊच नका, ग्रीकांचा मोठा सण असतो आणि शेजारच्या टिनोस बेटावर मेरीच्या दर्शनाला तोबा गर्दी होते, तिकडच्या बऱ्याच फेरी मायकोनोसच्याच रूटवरच्या, त्यामुळे तिकिटं कधीच संपलेली असतात. ऑक्टोबर संपला की क्लब आणि बरीचशी हॉटेलं शटर ओढून बसतात, मग नुसता वारा आणि मांजरं.

पोचायला अथेन्सहून छोटं विमान आहेच, पण फेरी जास्त मजेशीर. बंदरं दोन, पिरेयस आणि राफिना. बहुतेक जण नाव ऐकलेलं म्हणून पिरेयस धरतात, पण तुम्ही अथेन्स एअरपोर्टवरून थेट जाणार असाल तर राफिना बरंच जवळ पडतं आणि फेरीचा वेळही कमी लागतो. पिरेयसला एअरपोर्टवरून मेट्रो थेट जाते, तासभर धरा. मोठी संथ फेरी पिरेयसहून पाच तासांच्या आसपास घेते आणि फास्ट बोट साधारण तीन, पण ज्यांना बोट लागते त्यांनी मोठीच घ्यावी, डेकवर कॉफी घेऊन बसता येतं आणि फास्ट बोट लाटांवर जो काही आपटते त्यातून सुटका. फेरी लागते तुर्लोसच्या न्यू पोर्टला, गाव तिथून दोनेक किलोमीटर. बाहेर पडल्यावर सगळी जनता टॅक्सीमागे धावते, तुम्ही बस बघा किंवा सी-बस नावाची छोटी बोट बघा, ती ओल्ड पोर्टला म्हणजे गावाच्या तोंडाशीच सोडते.

राहायचं कुठे यावर लोक फार डोकं खाजवतात. रात्री बाहेर पडणार असाल तर होरा, म्हणजे मुख्य गाव, किंवा तिथून चालत पंधरा मिनिटांच्या आत. बास, दुसरा विचार नको. पहाटे तीनला चालत रूमवर येता येणं ही तिथे चैन आहे. लहान मुलं असतील किंवा झोप प्यारी असेल तर ओर्नोस किंवा प्लातिस यालोस, दोन्हीकडे बस आहे, पाणी उथळ आणि शांत. रूम बुक करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, ग्रीसमधे एप्रिल ते ऑक्टोबर रूममागे रोज रात्रीचा एक सरकारी कर असतो, 2025 पासून तो फाइव्ह स्टारला 15 युरो, फोर स्टारला 10 आणि थ्री स्टारला 5 आहे, आणि बऱ्याचदा तो बुकिंगच्या रकमेत नसतो, काउंटरवर मागतात. चिडू नका, फसवत नाहीयेत.

आता बीच. इथे एकच नियम, सकाळी उठून वारा बघायचा. मेल्टेमी उत्तरेकडून येतो, आभाळ निळंशार असतं, ढगाचा ठिपका नाही आणि तरी टोपी उडते, वाळू पिंढऱ्यांना सुयांसारखी टोचते. म्हणून वारा असेल तर दक्षिणेचे बीच, ओर्नोस, प्सारू, प्लातिस यालोस, पारागा, पॅराडाइज, सुपर पॅराडाइज, एलिया, हे सगळे डोंगराच्या आडोशाला आहेत. वारा पडलेला असेल त्या दिवशी मात्र उत्तरेला पळा, पानोर्मोस आणि त्याच्या पुढचा आगिओस सोस्तिस. आगिओस सोस्तिसला सनबेड नाही, छत्री नाही, झाड नाही, दुकान नाही, नुसती सोनेरी वाळू आणि काचेसारखं पाणी. पाणी आणि टोपी घेऊनच जा. फ्तेलिया हा तर वाऱ्याचाच बीच, विंडसर्फिंगवाल्यांना तिथे किंवा पूर्वेच्या कालाफातीला सोडून द्या.

दक्षिणेच्या बीचवर एकाच ठिकाणी दिवसभर पडून राहायची गरज नाही. प्लातिस यालोसला बसने उतरा, तिथून समुद्राकाठच्या पायवाटेने दहा-पंधरा मिनिटांत पारागा, अजून थोडं चाललं की पॅराडाइज. चप्पल नको, बूट घाला, खडक आहेत. परतताना किंवा पुढे एलियाला जाताना छोट्या बोटी मिळतात, ऊन डोक्यावर असताना हा प्रकार भारी वाटतो. प्सारू हा श्रीमंतांचा बीच, समोर यॉट्स उभ्या, तिथे बघायला जा, पडायला नको. एलिया लांब आणि मोकळा, सुपर पॅराडाइज आणि एलिया दोन्हीकडे गे मंडळी खूप आणि कपडे न घालता पडणारेही दिसतील, मायकोनोस 1970 च्या दशकापासून याच मोकळेपणासाठी ओळखलं जातं, तेव्हा टक लावून बघू नका आणि कोणाचा फोटो तर अजिबात काढू नका.

सनबेडच्या बाबतीत बसायच्या आधी विचारायचं, जोडीचा दर आहे की एकाचा, आणि मिनिमम स्पेंड, म्हणजे किमान इतकं खायला-प्यायलाच हवं अशी अट, आहे का. हे तीन शब्दांचं काम आहे पण लाजेपोटी लोक विचारत नाहीत आणि मग बिल बघून घाम फुटतो. नावाजलेल्या जागी पहिल्या रांगेची जोडी शंभर युरोच्या पुढे सहज जाते, मागच्या रांगेत तोच समुद्र बराच स्वस्त. आणि टॉवेल टाकून फुकट बसायचा हक्क आहेच, ग्रीसमधे समुद्रकिनारा सार्वजनिक असतो, 2024 च्या कायद्याने तर निम्मा बीच मोकळा ठेवायचा आणि सनबेड पाण्यापासून निदान चार मीटर मागे ठेवायचे. कोणी हाकललंच तर शांतपणे थोडं पुढे सरका, सुट्टीत कोर्टकचेरी कोण करतंय.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगतो कारण गंडायची जागा हीच. टॅव्हर्नात मासळी किलोवर असते. वेटर तुम्हाला आत नेतो, बर्फावर त्सिपुरा, लावराकी चकचकीत डोळ्यांनी पडलेले असतात, तुम्ही बोट दाखवता, तो "व्हेरी नाइस" म्हणतो आणि विषय संपला असं वाटतं. संपलेला नसतो. तराजूवर ठेवायला सांगा, काटा स्वतः बघा, वजन गुणिले मेन्यूतला भाव एवढा हिशोब तिथेच करा, मगच हो म्हणा. लॉबस्टर पास्ता आणि खेकड्याचंही तेच, मेन्यूत आकडा छापलेला नसेल तर मागवूच नका. आणि हो, ग्रीसमधे रीतसर पावती दिली नाही तर गिऱ्हाइकाने पैसे द्यायची सक्ती नाही, तसं मेन्यूवर लिहिलेलंही असतं, तेव्हा हाताने खरडलेला चिटोरा आला तर छापील पावती मागा. ब्रेडचे दोन-तीन युरो लावतात, तो रिवाज आहे. टिप सक्तीची नाही, वरचे सुटे सोडले तरी चालतं.

खायचं काय? बेटाची स्वतःची म्हणाल तर कोपानिस्ती, झणझणीत मऊ चीज, जिभेला चांगलंच झोंबतं, ते कडक टोस्टवर टोमॅटोसोबत देतात त्याला मोस्त्रा म्हणतात, दुपारी थंड बिअरबरोबर हेच मागवा. लूझा म्हणजे मसाला लावून वाळवलेलं डुकराचं मांस, पातळ काप. आत कांदा भरून भाजलेला पाय (pie) मिळाला तर सोडू नका. व्हेजवाल्यांची सोय उत्तम आहे, फावा म्हणजे घोटलेली पिवळी डाळ, भाजलेले मोठे पांढरे घेवड्याचे दाणे म्हणजे गिगांतेस, भात भरलेले टोमॅटो, ग्रीक सॅलड. मांस, दूध, अंडं काहीच नको असेल तर "निस्तिसिमो" हा शब्द टाका, त्यांच्या उपासाचं खाणं, लगेच कळतं, फक्त त्यात कोळंबी-कालवं चालतात म्हणून तेवढं वेगळं सांगा. आगिओस सोस्तिसच्या वर कीकीज नावाचं टॅव्हर्ना आहे, पाटी नाही, बुकिंग नाही, वीज नाही, सगळं कोळशावर. रांग लांब असते, पण उभं राहा, वर्थ आहे. रोजच्या भुकेला यीरो, म्हणजे पिटा रोटीत गुंडाळलेले भाजलेल्या मांसाचे काप, गावात गल्लीगल्लीत मिळतो आणि पहाटे दोनला त्याच्याइतकं चविष्ट काही नसतं. नळाचं पाणी पिऊ नका, बाटली घ्या, टपरीवर अर्ध्या लिटरला 50 सेंटची सरकारी मर्यादा आहे.

रात्रीचं घड्याळ वेगळंच चालतं. बीच क्लबची पार्टी चार-पाचला तापते आणि सूर्य बुडेपर्यंत चालते. सूर्यास्त लिटल व्हेनिसला बघायचा, जूनमधे पावणेनऊच्या सुमारास, तिथे घरं अक्षरशः पाण्यात उतरलेली आहेत आणि वारा असला की लाट येऊन पुढच्या टेबलावरच्यांना भिजवते, मागचे टाळ्या वाजवतात. कॉकटेल वीस युरोच्या आसपास, एकच घ्या, किंवा वर पवनचक्क्यांपाशी उभे राहा, सूर्य तोच आणि फुकट. मग रूमवर येऊन झोपा, खरंच झोपा. साडेनऊ-दहाला जेवण, साडेअकरानंतर मातोयान्नी गल्ली आणि आसपासचे बार भरतात, आणि क्लब एकच्या आधी ओसाड असतात. पॅराडाइजच्या वरच्या कड्यावरचा कावो पॅराडिसो तर उजाडेपर्यंत चालतो, तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि डीजे कोण आहे ते बघून काढा, नाहीतर उगाच पैसे.

फिरायला बसच. दोन स्टँड आहेत, दक्षिणेच्या बीचना फाब्रिकाहून, आणि एलिया, कालाफाती, आनो मेरा ओल्ड पोर्टच्या बाजूने. शेवटची बस किती वाजता हा बोर्डचा फोटो पोचल्याच दिवशी काढून ठेवा, कारण बेटावर टॅक्सी मोजक्याच आणि रात्री मांतो चौकातली रांग हलत नाही. क्वाड बाइक, म्हणजे चार चाकांची बाइक, सगळे घेतात पण रस्ते अरुंद, वळणावर खडी आणि समोरचा अर्धवट झिंगलेला, मला तो प्रकार पटत नाही. घ्यायचीच तर हेल्मेट, आणि भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतंच, नसेल तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

एक सकाळ डेलोससाठी काढाच, ओल्ड पोर्टहून बोटीने अर्धा तास, अपोलोचं जन्मस्थान, दगडी सिंहांची रांग, 1990 पासून जागतिक वारसा यादीत. सावली नाही म्हणून पहिलीच बोट पकडा, आणि मुक्काम करायला परवानगी नाही म्हणून परतीची बोट चुकवू नका.

परतीचं तिकीट काढताना वाऱ्याची आठवण ठेवा. फार सुटला की बंदर खातं बोटी बंद करतं, फास्ट बोटी सगळ्यात आधी, आणि तुम्ही कितीही हुज्जत घाला काही होत नाही. म्हणून घरचं विमान ज्या दिवशी आहे त्याच सकाळी बेटावरून निघायचं नाही, आदली रात्र अथेन्समधेच काढायची.