जेजूत बाहेर जेवताना या चुका टाळा

दुपारचे सव्वातीन. सोंगसान इल्चुलबोंग या डोंगराच्या पायऱ्या चढून-उतरून झाल्या होत्या, पोटात कावळे ओरडत होते, आणि समोरच्या तिन्ही खानावळींच्या दारावर एकच पाटी: ब्रेक टाइम. आत दिवा चालू, बायका मुळे चिरत बसलेल्या, पण दार काही उघडेना. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरची आमची पहिली दुपार शेवटी छोट्या दुकानातल्या त्रिकोणी किम्बापवर, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भातावर, भागली.

तर पहिली चूक हीच, आपल्या जेवणाच्या वेळा सोबत नेणे. साधारण तीन ते पाच स्वयंपाकघर बंद असतं, आणि पाटीवर पाचनंतर उघडणार असं लिहिलं असलं तरी रात्रीची ‘लास्ट ऑर्डर’ दुकान बंद व्हायच्या बऱ्याच आधी संपते. नऊला जेवायला निघणाऱ्या मराठी माणसाला गावाकडच्या भागात काळोखच दिसेल. शिवाय ताजा माल संपला की दुकान बंद, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. दुपारी बारा वाजायच्या आत जेवायला बसा. सुट्टीचा वार प्रत्येक दुकानाचा वेगळा असतो. तो नावेर मॅप किंवा काकाओमॅप या कोरियन नकाशा-ॲपवर बघा, गूगल मॅपच्या भरवशावर राहू नका. दुकानाचं नाव कोरियन लिपीत चिकटवून शोधलं तर लगेच सापडतं.

दुसरी चूक एकट्याने फिरणाऱ्यांची. काळ्या डुकराचं मटण, म्हणजे हुकद्वेजी, खायला एकटे गेलात तर बरेचदा दारातूनच परत पाठवतात. निखाऱ्यांची शेगडी एका माणसासाठी पेटवायची नाही, किमान दोन ‘इनबुन’, म्हणजे दोन माणसांचा वाटा, मागवायचा असा तिथला रिवाज. यात अपमान वाटून घेऊ नका. ‘होन्जादो द्वेयो?’, एकटा चालेल का, एवढं विचारा. नाहीतर सरळ दोन वाटे मागवा. तेही नको असेल तर जेजू शहरात सामसोंगह्योल या प्राचीन स्थळाजवळच्या नूडल गल्लीत जा आणि गोगी-गुक्सू मागवा. डुकराच्या हाडांचा पांढुरका रस्सा, गव्हाच्या शेवया, वर उकडलेल्या मटणाचे काप. एक वाडगा, एक माणूस, कुणी काही विचारत नाही.

हुकद्वेजी मिळालीच तर चिमटा हातात घेऊ नका. जाड तुकडा भाजायचं आणि कात्रीने कापायचं काम तिथल्या ताई करतात, आणि आपण मध्येच उलटापालट केली की त्यांच्या कपाळावर आठी येते. शेगडीवर एक छोटी वाटी खदखदत असते, तिला सूप समजून चमचा घालू नका (मी घातला होता). ते मेलजोत: आपल्या मांदेलीच्या कुळातल्या माशाला मिठात मुरवून केलेलं खारं. मटणाचा तुकडा त्यात बुडवायचा. सुकटीची सवय असलेल्या जिभेला ते पहिल्या घासातच आवडतं.

आता माशाकडे, कारण पैशाचा खरा फटका तिथे बसतो. जेजूची गालची म्हणजे आपल्या बळ्याची, वाकटीची चुलतबहीण, तशीच चांदीच्या पट्ट्यासारखी. मुळ्याच्या चकत्या आणि लाल तिखट घालून तिचं कालवण करतात, ते गालची-जोरिम. मेन्यूवर तीन किमती दिसतात: सो, जुंग, दे. पुष्कळांना ते तिखटाचं प्रमाण वाटतं. ते भांड्याचे आकार आहेत, लहान, मध्यम, मोठं, आणि किंमत अख्ख्या भांड्याची. किमतीच्या जागी आकड्याऐवजी ‘शिगा’ लिहिलं असेल तर अर्थ ‘आजचा बाजारभाव’. अशा वेळी आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. मात्र सोबत येणाऱ्या छोट्या वाट्यांना घाबरू नका. ते बानचान फुकट असतं, पुन्हा मागितलं तरी. टिप ठेवायची नाही, पैसे काउंटरवर द्यायचे. चमचे-चॉपस्टिक बरेचदा टेबलाच्या कडेच्या खणात असतात, पाणी स्वतः आणायचं.

शाकाहारी मंडळींची चूक शब्दाची आहे. ‘गोगी नको’ म्हटलं की काम झालं असं वाटतं. पण गोगी म्हणजे प्राण्याचं मांस. मासे, कोळंबी, शिंपले त्यात धरत नाहीत. साध्या भाजीच्या रश्शाचा पायाही बरेचदा सुकवलेल्या माशांचा असतो, आणि किमचीत मासळीचं खारं बहुधा असतंच. म्हणून ‘युक्सू’ म्हणजे रस्सा कशाचा, हे वेगळं विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी खोलीवर शिजवायची सोय असलेलं घर घ्यावं, हे मी स्पष्टच सांगतो.

हाक मारायची तर ‘योगीयो’ पुरे, किंवा टेबलावरचं बटण दाबा. कोरियन गिऱ्हाईक वाढणाऱ्या बाईला ‘इमो’ म्हणतात. अर्थ आईची बहीण, म्हणजे अगदी आपली मावशीच. नवख्याने मात्र एकदम नात्यात शिरू नये.

जेवणासोबत हल्लासान सोजू, म्हणजे तिथली दारू, येईल. भाड्याची गाडी चालवणार असाल तर सोजूला हात लावू नका. 2019 पासून गाडी चालवणाऱ्यासाठी तिथली मर्यादा रक्तात 0.03 टक्के दारूची आहे, आपल्याकडच्याइतकीच, आणि एका पेल्यातही ती गाठता येते.

शेवटचं बाजाराबद्दल. दोंगमुन बाजारात रात्री रांगा लावण्यापेक्षा जेजू शहराचा पाच दिवसांनी भरणारा बाजार गाठा. ज्या तारखांच्या शेवटी 2 किंवा 7 येतो, त्या दिवशी तो भरतो. 3 तारखेला गेलात तर मोकळं आवार बघून परत याल. तिथे बिंगत्तोक शोधा: कुट्टूच्या पिठाचं घावन, आत उकडलेल्या मुळ्याचा कीस. पहिला घास अगदी सपक लागतो. दुसरा घ्या.