20 वर्षांनी पुन्हा इलेक्ट्रिक गिटार घेताय? या चुका टाळा

माझ्याकडे सेटअपला (तारांची उंची, ताण वगैरे जुळवून घ्यायला) गिटार घेऊन येणारे बरेच जण चाळिशी ओलांडलेले असतात. कॉलेजात बँड होता, गॅदरिंगला वाजवायचे, मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते. आता मुलगी बारावी होऊन बाहेरगावी गेली, संध्याकाळी घर शांत असतं आणि हात शिवशिवायला लागतात. मला या लोकांचं फार कौतुक वाटतं. म्हणूनच त्यांची गिटार सहा महिन्यांत माळ्यावर गेली की जीव हळहळतो. आणि जाते ती दरवेळी त्याच त्या चुकांमुळे.

पहिल्याच आठवड्यात खरेदी

इच्छा झाली की लगेच ऑर्डर टाकायची, ही घाई मला अजिबात पटत नाही. इतक्या वर्षांत बोटांची टोकं मऊ झालेली असतात. मऊ बोटांना जगातली प्रत्येक गिटार टोचते. अशा हाताने चांगलं-वाईट काय कळणार?

माझं सांगणं एकच: आधी महिनाभर उसनी वाजवा. भाच्याची, मित्राची, नाहीतर माळ्यावरची जुनी खाली काढा, तारा नव्या चढवा. रोज 15-20 मिनिटं, त्याहून जास्त नको, फोड येतील. तीन-चार आठवड्यांत कातडी पुन्हा टणक होते आणि हाताला मत फुटतं. नेक (तारांखालचा लांब दांडा) जाड वाटतो की पातळ, उजवं मनगट कुठे टेकतं, हे तेव्हा कळायला लागतं. खरेदी त्यानंतर.

विशीतल्या स्वप्नातली गिटार

ही चूक मी सगळ्यात जवळून पाहिली आहे. माझा एक कॉलेजचा मित्र, आमच्या बँडमधला सर्वांत वेगवान हात. 1996 साली त्याने एका मासिकातला फोटो कापून होस्टेलच्या कपाटाला आतून चिकटवला होता: टोकदार शिंगांची, पातळ नेकची, फ्लॉइड रोझ ब्रिजची (ब्रिज म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा जिथे अडकतात तो भाग) गिटार. तेव्हा ऐपत नव्हती. 24 वर्षांनी त्याने त्याच जातीची गिटार 70 हजारांना घेतली. वाजवायला त्याला वेळ मिळायचा तो रात्री साडेनऊनंतर, जेमतेम अर्धा तास.

दुसऱ्याच आठवड्यात बारीक ई तार तुटली. अकरा वाजता फोन: "अरे, उरलेल्या पाचही तारांचा सूर चढलाय. एक सुरात आणली की दुसरी हलते. काय करू?"

फ्लॉइड रोझ ब्रिज लाकडाला घट्ट बसवलेला नसतो, तो तरंगता असतो. समोरून सहा तारा त्याला ओढतात, मागच्या बाजूने स्प्रिंगा. दोन्हीकडची ओढ सारखी असेल तोवर सगळं सुरात. एक तार गेली की स्प्रिंगांचं बळ वरचढ होतं, ब्रिज मागे झुकतो आणि बाकीच्या तारांचा सूर चढतो. नवी तार घालायची तर वरचं लॉक अ‍ॅलन कीने सोडवा, तारेचा गोळा कापून टाका, ब्रिजमधे चिमटीत बसवा, मग सगळ्या तारा तीन-चारदा फिरून फिरून सुरात आणा. सवयीच्या हाताला वीस मिनिटं लागतात. त्याचा अर्धा तास रोज तिथेच जायचा. मग तो केसच उघडेनासा झाला.

शेवटी एका रविवारी मी गेलो, मागचं झाकण उघडलं आणि ब्रिज हलू नये म्हणून स्प्रिंगांच्या खाचेत लाकडाचा ठोकळा बसवला. गिटार सुरात राहायला लागली. पुढे त्याने ती विकली आणि टेलिकास्टर घेतली. त्या गिटारीची मूळ रचना 1950 सालची, ब्रिज लाकडात पक्का, तार दोन मिनिटांत बदलते. आता ती हॉलमध्ये स्टँडवर असते आणि तो जेवण झालं की उचलतो.

फ्लॉइड रोझला मी नावं ठेवत नाही. तारा पार ढिल्या सोडून पुन्हा जागेवर आणायचं वादन करायचं असेल तर त्याला पर्याय नाही. पण ज्याच्याकडे दिवसाला अर्धा तास आहे, त्याने पक्क्या ब्रिजचीच घ्यावी, यावर मी ठाम आहे.

"आता बोटांत दम राहिला नाही"

हे वाक्य ऐकलं की मी आधी पोलादी पट्टी काढतो. बँकेत अधिकारी असलेल्या एक ताई आल्या होत्या. कोरी गिटार, दुकानातून थेट घरी आलेली. म्हणाल्या, "दादा, वय झालं. एफ कॉर्ड लागतच नाही."

बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या रेघा) पट्टी धरली. जाड ई तारेखाली 3 मिलिमीटर फट, म्हणजे तार फार उंच. मग प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली. तिथे केसाएवढी फट हवी, यांच्या गिटारीत व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं. म्हणजे नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती छोटी पट्टी) खाचा पुरेशा कोरलेल्याच नव्हत्या. वर तारा 11 च्या, म्हणजे जाड. अशा गिटारीवर पंचविशीतल्या पोराचाही एफ लागला नसता.

नटच्या खाचा कानशीने उतरवल्या, 9 च्या तारा चढवल्या. तारा हलक्या झाल्या की नेकवरचा ताण बदलतो, म्हणून ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली धातूची सळई) पाव फेरा फिरवला. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, घाईत नेक कायमचा बिघडवलेले लोक मी पाहिलेत. मग अ‍ॅक्शन (बाराव्या फ्रेटपासून तारेची उंची) जाड तारेला 2 आणि बारीक तारेला 1.6 मिलिमीटरवर आणली. ताईंनी एफ धरला. सहाही तारा स्वच्छ वाजल्या. त्या काही बोलल्या नाहीत. तोच कॉर्ड पुन्हा धरला, मग एफ शार्प, मग जी, अशा सरकत सरकत पाचव्या फ्रेटपर्यंत गेल्या.

तेव्हा गिटारीच्या बजेटमधेच सेटअपचे पैसे धरा. नवी आहे म्हणून सेटअप नको, हा गैरसमज आहे. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा दाखवा, हवेतल्या दमटपणाने नेक हलतो. नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उलटा त्रास: लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात.

बाकीच्या चुका

वजन न बघणं. लेस पॉल जातीची गिटार चार किलोच्या पुढे सहज जाते, स्ट्रॅटोकास्टर साधारण साडेतीन. कंबरेचं दुखणं असेल तर हा अर्धा किलो फार मोठा आहे. पट्टा लावून पंधरा मिनिटं उभं राहून बघा.

स्केल न विचारणं. फेंडर पद्धतीच्या गिटारीत तारेची वाजती लांबी 25.5 इंच, गिब्सन पद्धतीत 24.75. लांबी कमी असली की त्याच तारा सैल लागतात, बेंड (तार बोटाने ओढून सूर चढवणं) सोपे जातात. बोटं आखडत असतील तर याचा मोठा आधार होतो.

व्हिडिओतल्या आवाजावर भाळणं. त्यात अँप, माइक आणि वाजवणाऱ्याचा हात ऐकू येतो, गिटार सगळ्यात कमी.

गिटारीआधी पेडल (आवाज बदलणारा, पायाने दाबायचा डबा) घेणं. नको. एक छोटा अँप आणि हेडफोनची सोय, वर्षभर एवढं पुरे.

अमेरिकेतून मेव्हण्याकरवी अँप मागवणं. तिथला अँप 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230. मागचा शिक्का न वाचता प्लग लावला की धूर निघतो.

जुनी घेताना नेक न तपासणं. सुतार फळीची धार बघतो तसं हेडच्या (जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात) बाजूने एक डोळा मिटून नेक वाकडा नाही ना ते बघा. पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी खड्डे पाडले असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

आणि दुकानात गेल्या गेल्या अँप मोठा करून जुना सोलो वाजवणं. शेजारी विशीतली पोरं उभी असतात, हात गडबडतो आणि माणूस ओशाळून समोर असेल ती घेऊन बाहेर पडतो. सकाळी दुकान उघडताना जा, गर्दी नसते. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात बसून वाजवायला मिळतं. मी अँप न लावता स्टुलावर बसतो, एफ धरतो आणि मिनिटभर तसाच ठेवतो. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवतो, कुठे खरखर येते ते ऐकतो. यात हात दुखला नाही, तरच केबल मागतो.